फ्रान्समधल्या छोट्या घरगुती मळ्याची रेड ब्लेंड वाईन कशी असते?

ब्लेंड म्हटलं की बऱ्याच जणांना भेसळ वाटते, अजिबात तसं नाहीये, वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांची वाईन एकत्र करतात, एवढंच. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्याच्या दक्षिण भागातलं जिगोंदास गाव घ्या, १९७१ पासून गावाच्या नावाचं स्वतःचं अपेलासिओं, म्हणजे कायद्याने ठरवलेला वाईनचा प्रदेश, आहे, बरेच मळे एकेका कुटुंबाचे, आणि तिथल्या रेडमध्ये किमान ५० टक्के ग्रेनाश ही द्राक्षाची जात लागतेच, तिच्यामुळे पिकल्या फळांची गोडसर चव येते, सिरा ही जात रंग आणि काळ्या मिरीचा वास देते, मूर्वेद्र ही तिसरी जात तुरटपणा, म्हणजे टॅनिन, म्हणून चांगली बाटली कित्येक वर्षं टिकते. मला तर हेच मिश्रण सगळ्यात आवडते. लेबलवर 'मीझ आं बुतेय ओ दोमेन' बघा, म्हणजे मळ्यावरच भरलेली. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवाच, १६-१८ डिग्रीला मस्त लागते, सोबत मटण हवं!