अकरा शर्यती आणि एक प्लग

"मॅडम, आत्तापर्यंत अकरा शर्यतींत उतरले आणि एकदाही शेवटची आले नाही," खुर्चीत बसता बसता रेवती म्हणाली आणि स्वतःच हसली. "कारण एकही पूर्ण केली नाही." (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने हे लिहायला परवानगी दिली आहे.)

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडून एक प्रश्न मी फार वेळा ऐकते. नवीन काहीतरी करावंसं वाटतंय, पण सगळ्यांत मागे राहिले तर? कुणाला चाळिशीत पोहायला शिकायचं असतं, कुणाला पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरीला लागायचं असतं. रेवतीच्या बाबतीत हा प्रश्न आला तो घरातल्या घरात, खोलीत चालवायच्या सायकलच्या शर्यतींतून. हा खेळ मला तिच्यामुळेच कळला. पहिल्या भेटीचा अर्धा वेळ ती मला शिकवत होती आणि मी वहीत चित्रं काढत होते.

आपलीच साधी सायकल घ्यायची, तिचं मागचं चाक काढायचं आणि ती ट्रेनर नावाच्या जड यंत्रावर बसवायची. आपण पायडल मारतो ती ताकद हे यंत्र वॅटमध्ये मोजतं आणि संगणकाला कळवतं. पडद्यावरची आपली बाहुली त्या हिशेबाने पळते. पडद्यावर चढ आला की यंत्र पायाला जड होतं. झ्विफ्ट नावाचं अ‍ॅप त्यासाठी वापरतात. त्यातलं वॅटोपिया हे बेट पूर्ण काल्पनिक, पण शेजारून जाणारी प्रत्येक बाहुली म्हणजे कुठल्या तरी खोलीत घाम गाळणारा खरा माणूस. वारा नसतो, त्यामुळे अंग भयंकर तापतं. समोर पंखा आणि हँडलवर टॉवेल नसेल तर वीस मिनिटांत माणूस बेजार होतो म्हणे.

रेवती एकेचाळीस वर्षांची. पूर्वी रस्त्यावर सायकल चालवायची. एकदा गाडीचा धक्का लागून पडली, मनगट मोडलं, त्यानंतर रस्त्यावर जायची इच्छाच मेली. मोठ्या भावाने स्वतःसाठी नवा ट्रेनर घेतला तेव्हा जुना हिला दिला. नुसती चालवत होती तोवर सगळं छान होतं. मग शर्यती दिसल्या.

नवऱ्याचं म्हणणं, "खोटी सायकल, खोटं बेट, त्याचं एवढं काय टेन्शन घेतेस?" त्याचा हेतू चांगला होता, पण अशा वाक्यांनी माणूस दुहेरी अडकतो. आधी भीती वाटत असते, वर भीती वाटल्याची लाज. आणि खोटं तरी कसं म्हणायचं? सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयने २०२० साली या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ जिंकली, आणि बायकांना आणि पुरुषांना अंतर सारखंच होतं. हे रेवतीनेच मला तावातावाने सांगितलं. ज्या गोष्टीची बाजू माणूस इतक्या हिरिरीने घेतो, ती त्याच्यासाठी खोटी नसते.

मी विचारलं, "शर्यत सोडता म्हणजे नेमकं काय करता? मला दाखवा."

तिने खुर्चीतच हँडल धरल्यासारखे हात पुढे घेतले, पाय हलवले. मग उजवा हात हळूच सोडून बाजूला, भिंतीकडे नेला आणि चिमटीत काहीतरी धरून ओढलं. प्लग. ट्रेनरचा प्लग. ते करताना तिची मान खाली गेली होती, आणि खोलीत आम्ही दोघीच असूनही तिने एकदा दाराकडे पाहिलं.

"मग घरात सांगते, नेट गेलं."

"आणि प्लग ओढल्यावर कसं वाटतं?"

"छातीवरचा दगड उतरल्यासारखं." थोडं थांबून, "दहा मिनिटं. मग स्वतःचा राग येतो."

ती दहा मिनिटं फार महत्त्वाची. भीतीपासून पळ काढला की लगेच सुटका वाटते आणि त्या सुटकेतून मेंदू एकच धडा घेतो: पळालीस म्हणून वाचलीस. खरोखर काय झालं असतं हे कधी तपासलंच जात नाही. त्यामुळे पुढच्या वेळी भीती थोडी लवकर येते. रेवतीने पहिली शर्यत नवव्या मिनिटाला सोडली होती, अकरावी तिसऱ्या.

"शेवटच्या आलात तर काय होईल?"

"दिसेल ना सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

बराच वेळ गप्प राहिली. "दादाला."

इथे कुठल्याही समुपदेशकाला बालपणाचा धागा ओढायचा मोह होतो. मलाही झाला. सायकल शिकवताना दादा पुढे निघून जायचा, ही मागे रडत धावायची, वगैरे थोडं निघालंही. पण तिला त्या आठवणीचा उलगडा नको होता. तिला शनिवारची शर्यत पूर्ण करायची होती. मी वही मिटली आणि पुढच्या भेटीला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं.

शेवटचं येण्यात काही वाईट नाही, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. असला दिलासा मला आवडत नाही. शेवटचं यायला वाईट वाटतं. प्रश्न एवढाच की ते वाईट वाटणं सोसण्याइतकं आहे की नाही, आणि ते दुसऱ्याने सांगून कळत नाही.

दुसऱ्या भेटीत आम्ही तिच्या एका शर्यतीचं रेकॉर्डिंग पाहिलं. वेळ शून्यावर येताच सगळ्या बाहुल्या गोफणीतून सुटल्यासारख्या पळाल्या. रेवतीचा ताकदीचा आकडा तिच्या नेहमीच्या दीडपट, आणि तरी ती मागे. मी विचारलं, हे असंच असतं का? असंच असतं, ती म्हणाली. पहिली दोन-तीन मिनिटं सगळेच जीव तोडून पळतात, कारण इथेही घोळक्यात राहिलं की पुढच्याच्या आडोशाने बरीच ताकद वाचते, आणि घोळका एकदा सुटला की एकट्याने गाठणं जवळजवळ अशक्य. नंतर वेग उतरतो, मागे पडलेल्यांचे छोटे छोटे गट जमतात, लोक एकमेकांच्या आधाराने शेवटपर्यंत जातात.

"तुम्ही त्या छोट्या गटात कधी होतात?"

"तिथपर्यंत पोचलेच नाही."

म्हणजे शर्यतीचा सगळ्यांत क्रूर भाग ती अकरा वेळा भोगून आली होती आणि बाकीचा तिला माहीतच नव्हता. हे सांगताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या माहितीच्या पानाकडे गेलं. वजन: ६२ किलो.

माझी नजर कुठे आहे ते तिच्या लक्षात आलं. "ते जुनं आहे," ती म्हणाली. मग, "जुनं म्हणजे, बाळंतपणाआधीचं." मुलगी आता नऊ वर्षांची.

या खेळात वजन आपणच भरायचं असतं. मोठ्या स्पर्धांत त्याची पडताळणी होते. घरगुती शर्यतींत सगळं विश्वासावर. वजन कमी दाखवलं की चढावर बाहुली जास्त पळते, म्हणून काही लोक मुद्दाम लबाडी करतात. रेवतीची लबाडी तसली नव्हती. तो आकडा तिला फक्त बघायला बरा वाटत होता. पण ती उतरायची त्या शर्यतींत गट ठरताना मुख्य हिशेब असायचा दर किलोमागे किती वॅट याचा. रेवती तासभर टिकवू शकेल अशी ताकद साधारण १६५ वॅट. तिला ६२ ने भागलं तर येतात २.६६. खऱ्या ६९ ने भागलं तर २.३९. सगळ्यांत खालचा डी गट आणि त्यावरचा सी, यांची सीमा अडीचच्या जरा वर. सात किलो लपवण्यापायी ती आपल्यापेक्षा तगड्या बायकांमध्ये जाऊन बसली होती आणि दर शनिवारी त्यांच्याकडून मार खात होती.

मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे सरकवला. तिने दोनदा भागाकार केला. मग इतकी मोठ्याने हसली की बाहेर बसलेल्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं.

हसणं ओसरल्यावर मी जेवणाबद्दल विचारलं, पाळीबद्दल विचारलं. हे प्रश्न अशा वेळी टाळू नयेत. वॅट भागिले किलो हा आकडा दोन बाजूंनी वाढवता येतो, आणि पाय बळकट व्हायला महिने लागतात, जेवण मात्र आजच टाळता येतं. व्यायामाच्या मानाने खाणं अपुरं पडलं की पाळी बिघडते, हाडं कमकुवत होतात, मन चिडचिडं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून याला रेड-एस असं वेगळं नाव दिलं आहे. रेवतीचं खाणंपिणं व्यवस्थित होतं. नसतं तर मी शर्यतीचा विषय तिथेच थांबवून तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

तिला वाटलं, आता वजन दुरुस्त करायचं, डी गटात जायचं, विषय संपला. मी म्हटलं, "आकडा बदला, पण या शनिवारनंतर." माझ्या एका सहकारी मैत्रिणीला हे पटलं नव्हतं, उगाच छळतेस तिला, असं ती म्हणाली. असेलही. पण गट बदलून ती दहावी-बारावी आली असती, तर शेवटचं येण्याची भीती तशीच्या तशी शाबूत राहिली असती आणि पहिल्याच वाईट दिवशी हात पुन्हा प्लगकडे गेला असता. चुकीच्या आकड्याने शर्यत करणं बाकीच्यांवर अन्याय नव्हे का, असं तिनेच विचारलं. पुढे येण्याचा धोका कितपत आहे, असं मी विचारलं. पुन्हा हसली. शिवाय शनिवारची शर्यत होती वॅटोपियातल्या ज्वालामुखीभोवती, आणि तो ४.१ किलोमीटरचा फेरा जवळजवळ सपाट, वजनाचा फायदा नाममात्र.

तर काम असं ठरलं: सी गटात उतरायचं आणि शेवटचं यायचं. चांगलं करून दाखवायचं नाही, शेवटचं यायचं, पण रेषेपर्यंत जाऊन. पाच फेरे, साधारण चाळीस मिनिटं. शर्यतीआधी कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: किती वाईट वाटेल, दहापैकी, आणि ते किती वेळ टिकेल. प्लगचं काय करायचं हे तिने स्वतःच ठरवलं. मुलीला शेजारी स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, माझा हात भिंतीकडे गेला तर मोठ्याने ओरड.

पुढच्या भेटीत तिने घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. आधी लिहिलेलं: नऊ, दोन दिवस. नंतर लिहिलेलं: सहा, रात्रीच्या जेवणापर्यंत. मुलगी दोनदा ओरडली होती. तिसऱ्या फेऱ्यात एक बाहुली मागून आली, दोघी आलटूनपालटून पुढे राहत फेराभर गेल्या, मग ती पुढे निघून गेली. दादाचा फोन आला तो पंख्याबद्दल. पंखा छातीच्या उंचीवर ठेव म्हणाला, निकालाचा शब्द काढला नाही. पाहिला होता की नाही, तेही तिने विचारलं नाही.

वजनाचा आकडा तिने शर्यत संपल्यावर लगेचच बदलला होता. हे ती विसरून गेली होती, मी विचारलं तेव्हा आठवलं.

ती आली होती सत्ताविसावी, सत्तावीसजणींत. पण तिला बोलायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सुरुवातीला तिने पडद्यावर चौतीसजणी मोजल्या होत्या.

"मॅडम, सोडून गेलेल्यांची नावंच येत नाहीत यादीत. मी अकरा वेळा कुठे दिसलेच नसणार." तिने कागदाची पुन्हा घडी घातली. "त्या सातजणींकडे पण प्लग असेल का हो, हाताशी?"