खुब्याचं ऑपरेशन: लेकीची एफडी मोडू का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वय 47, एरोबिक्सचे क्लास घेता, उजव्या खुब्याचा संधिवात, एक्सरेत सांध्यातली गॅप जवळपास संपलेली, डॉक्टर म्हणाले हिप रिप्लेसमेंट (खुब्यात कृत्रिम सांधा बसवणं) लागणार पण घाई नाही, आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सांधेबदलाचा वेटिंग पिरियड (तोवर त्याचा क्लेम मिळत नाही) संपायला अजून सात महिने आहेत आणि लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी मोडून आत्ताच मोकळं व्हावं असं तुम्हाला वाटतंय. मिस्टर म्हणतात पर्सनल लोन काढू. नणंद म्हणते साठीपर्यंत थांब, बदललेला सांधा दहा वर्षंच टिकतो.

आधी नणंदेचं बघू. दहा वर्षंवाली गोष्ट आता जुनी झाली, 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात साधारण 58 टक्के सांधे 25 वर्षं टिकलेले दिसले. साठीपर्यंत लंगडत राहिलात तर मांडीचे स्नायू कमजोर होतील, एरोबिक्सचा क्लास हळूहळू बंद पडेल, म्हणजे फुकट वाटणारा हा पर्याय खरं तर सगळ्यात महाग आहे.

लोन नकोच. ज्या महिन्यांत क्लास बंद नेमका त्याच महिन्यांत हप्ता सुरू, कशाला?

आता एफडी. कॉलेजच्या फीची तारीख हलत नाही, तुमच्या ऑपरेशनची हलते, म्हणून माझं मत सात महिने थांबा. पण सर्जनला स्पष्ट विचारा, "सात महिन्यांनी केलं तर काही नुकसान आहे का?" हाड खचतंय, रात्रीची झोपच लागत नाही असं काही असेल तर हिशोब बदलतो, मग लागेल तेवढी एफडी मोडा आणि मनाला लावून घेऊ नका.

थांबायचं ठरलं तर पॉलिसी एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका, नवीन घेतलीत तर वेटिंग पुन्हा पहिल्यापासून लागू शकतं. इम्प्लांटच्या खर्चाला लिमिट आहे का, डिस्चार्जनंतरची फिजिओथेरपी किती दिवस कव्हर होते, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, एजंट फोनवर "सगळं होतं हो" म्हणाला ते धरायचं नाही. आणि एक नाजूक गोष्ट, पॉलिसी घेताना खुबा दुखत होता आणि फॉर्मवर लिहिलं नव्हतं असं असेल तर ते आत्ताच मला सांगा, कारण केसपेपरवर डॉक्टर "पाच वर्षांपासून त्रास" असं एक वाक्य लिहितात आणि क्लेम तिथेच अडकतो.

बिलापेक्षा मला काळजी आहे ती तुमच्या बंद कमाईची, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. वॉकर धरून बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, गाडी चालवायला साधारण सहा आठवडे, पण उभं राहून तासभर क्लास घेणं तीन महिने तरी धरूच नका, आणि उड्या मारून दाखवायचं काम नंतरही असिस्टंटकडेच द्यावं लागेल बहुतेक. तो असिस्टंट आत्ताच शोधा, फीमधला हिस्सा ठरवा, म्हणजे बॅच तुटणार नाही. शिवाय कमोडवर बसवायची उंच सीट, हातांची उंच खुर्ची, धाकट्याला शाळेत सोडणारं कोणीतरी, कारण सुरुवातीला खाली वाकणं आणि बुटक्या स्टुलावर बसणं बंद असतं. तीन महिन्यांचा घरखर्चातला तुमचा वाटा आणि हे सगळं धरून जी रक्कम येईल तिचे सात भाग करा, दर महिन्याला एक भाग वेगळ्या खात्यात. दातांची राहिलेली कामंही आधीच उरकून घ्या, इन्फेक्शनच्या भीतीने सर्जन त्यासाठी तारीख पुढे ढकलतात.

अजून एक. तुमच्या वयात केलं तर पुढे कधीतरी सांधा पुन्हा बदलावा लागू शकतो, 2017 च्या लॅन्सेटमधल्या अभ्यासात पन्नाशीच्या सुरुवातीला खुबा किंवा गुडघा बदललेल्या पुरुषांत ही शक्यता 35 टक्क्यांपर्यंत होती, बायकांत त्याहून बरीच कमी. म्हणून कव्हर कमी करू नका, जमलं तर वाढवाच.

सर्जनचं उत्तर आणि पॉलिसीतलं वेटिंगचं पान पाठवा, दर महिन्याचा आकडा मी काढून देतो.