आरे असलेले चाक : कटरचा मार्ग कसा आखावा?

प्रश्न : आमचा मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लहान कारखाना आहे. व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित उभ्या मिलिंग यंत्रावर) ॲल्युमिनियमच्या 25 मि.मी. प्लेटमधून 6 आऱ्यांचे चाक काढताना आम्ही एकेक खिडकी (दोन आऱ्यांमधली मोकळी जागा) पूर्ण करून पुढे जातो. पहिली खिडकी स्वच्छ येते. शेवटच्या खिडकीत मात्र लाटांसारख्या खुणा उमटतात आणि आरे मधोमध जाड राहतात. कोपऱ्यांची त्रिज्या 5 मि.मी. आणि कटर 10 मि.मी. व्यासाचा आहे. काय बदलावे?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : दोष आपल्या क्रमात आहे. पहिली खिडकी कापताना दोन्ही बाजूंना भरीव धातू असतो. शेवटच्या खिडकीच्या दोन्ही भिंती मात्र पलीकडून आधीच मोकळे झालेले आरे असतात, जे कटरच्या दाबाने मधोमध मागे सरतात, थरथरतात आणि तेथे माल कमी कापला जातो.

म्हणून एक टप्पा सर्व खिडक्यांत पुरा झाल्यावरच पुढचा टप्पा घ्यावा. प्रथम मधला बोअर (केंद्रातील भोक) पूर्ण करून त्यालाच शून्यबिंदू मानावा, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पुन्हा बांधला तरी केंद्र तेच मिळते. नंतर भिंतींवर सुमारे अर्धा मि.मी. माल राखून सर्व खिडक्यांचे रफिंग (पहिली जाडी कापणी) करावे, आणि तेही समोरासमोर, म्हणजे 1, 4, 2, 5, 3, 6 या क्रमाने, जेणेकरून प्लेटमधील अंतर्गत ताण एकाच बाजूने मोकळा होणार नाही. त्यानंतर क्लॅम्प सैल करून जॉब पुन्हा हलक्या दाबाने बांधावा; घाईत ही पायरी गाळली जाते, पण माझ्या मते चाकाचा सपाटपणा बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरतो. प्लेट 30 मि.मी.ची घेणे परवडत असेल तर खिडक्या आरपार न कापता तळाशी 2 मि.मी. पडदा ठेवावा. फिनिशिंग (अखेरची बारीक कापणी) होईपर्यंत तो आऱ्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि शेवटी चाक उलटवून फेसिंग (पृष्ठभाग सपाट कापणे) करताना निघून जातो.

कोपऱ्याची आणि कटरची त्रिज्या सारखीच असल्याने कटर तेथे क्षणभर थांबून एकदम वळतो व दोन्ही भिंतींना एकाच वेळी भिडतो. फिनिशिंगला 8 मि.मी. कटर घ्यावा. तरीही त्याच्या केंद्राचा मार्ग कोपऱ्यात केवळ 1 मि.मी. त्रिज्येचा होतो, त्यामुळे भिंतीजवळ धार केंद्राच्या पाचपट वेगाने सरकते. तेथे फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी करावा.

प्रोग्रॅम एकाच खिडकीचा पुरेसा आहे. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर जी68 या आज्ञेने तो 0, 180, 60, 240, 120, 300 अंशांत फिरवून एम98 ने उपप्रोग्रॅम म्हणून बोलवावा. प्रत्येक खिडकीनंतर आधी जी40 ने कटर कॉम्पेन्सेशन (कटरच्या त्रिज्येइतका मार्ग बाजूला सरकवणे) आणि मगच जी69 ने फिरवणे रद्द करावे.