ब्रेझिंगसाठी कुठला रॉड घ्यावा
ब्रेझिंग म्हणजे मूळ तुकडे न वितळवता, रॉड वितळवून त्यांचा जोड करायचा. तर आधी जोडायचंय काय ते बघ, रॉडचं नंतर. तांब्याला तांबं असेल तर फॉस्फरसवाला कॉपर रॉड बिनधास्त वापर, फ्लक्सही (तापवताना धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारी पेस्ट किंवा पावडर) लागत नाही, पितळ आलं की मात्र फ्लक्स लावायचा. पण तोच रॉड लोखंडाला किंवा स्टेनलेसला अजिबात नको, फॉस्फरसमुळे जोड ठिसूळ होतो, वरून चकाचक दिसतो आणि जरा हिसका बसला की कटकन सुटतो. तिथे ४५ किंवा ५६ टक्के चांदीचाच घे, महाग पडतो पण ५६वाला साधारण ६५० डिग्रीला पूर्ण वितळतो, त्यामुळे काम कमी तापवावं लागतं. कॅडमियम मिसळलेला चांदीचा रॉड स्वस्त मिळाला तरी नको, धूर विषारी असतो. आणि जोडायच्या दोन तुकड्यांमधली फट ०.१ मिमीच्या आसपासच ठेव, जास्त झाली की वितळलेली चांदी आत खेचलीच जात नाही.