फोन उचलला नाही की जीव टांगणीला लागतो

ऑक्टोबर लागला की माझ्याकडे समुपदेशनाला एक तक्रार हमखास येते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षांच्या छाटण्या सुरू झालेल्या असतात, पाठोपाठ साखर कारखाने सुरू होतात, रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात आणि कुणाची तरी बायको नाहीतर आई समोर बसून म्हणते, "मॅडम, हे गाडी चालवताना सारखे फोनवर असतात. सांगून झालं, भांडून झालं, मुलाची शपथ घालून झाली. काय केलं म्हणजे ऐकतील?" कधी फोनच्या जागी दारू असते आणि "दोनच घेतो, मला चढत नाही" हे ठरलेलं वाक्य असतं. जिवाची घालमेल तीच.

या प्रश्नावर बोलायचं तर मला सुजाता आणि प्रमोदची गोष्ट सांगावी लागेल. नावं बदलली आहेत, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत आणि लिहिण्याआधी दोघांना विचारलं आहे.

प्रमोदचं शेती औषधांचं दुकान. नुसता गल्ल्यावर बसणारा दुकानदार नव्हे. बागायतदार त्याला प्लॉटवर बोलावतात, पान उलटं करून दाखवतात आणि विचारतात, आज काय मारू? ढगाळ हवा पडली किंवा अवेळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशी रोगाच्या भीतीनं त्याचा फोन थांबत नाही. पहिल्या भेटीतही तो टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि दर दोन मिनिटांनी थरथरत होता. प्रत्येक वेळी प्रमोदची बोटं तिकडं जायची आणि परत यायची.

सुजाताच बोलत होती. "महिन्यापूर्वी कवलापूरच्या पुढं ह्यांची गाडी ट्रॉलीखाली जाता जाता वाचली. घरी आले तेव्हा तोंडावर रंग नव्हता. तरी फोन सुटत नाही."

"ट्रॉलीला मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही," प्रमोद म्हणाला. "माझी काय चूक त्यात? आणि मी फोन हातात धरतच नाही. ब्लूटूथ आहे गाडीत. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर."

ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की इथं जरा थांबते. अंधारात बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली रस्त्यावर आणणं हा गुन्हाच आहे, त्यावर दुमत नाही. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. त्यामुळं हात मोकळे झाले की प्रश्न मिटला असं लोकांना वाटतं. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या सिम्युलेटरवर फोनवर बोलणारे आणि दारू प्यायलेले चालक ताडून पाहिले. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात फोनवर बोलणाऱ्यांचा ब्रेक उशिरा लागत होता, आणि फोन हातात असो की नसो, फरक पडत नव्हता. त्यांच्याशी तुलना केलेल्या मद्यपींच्या रक्तातली दारू आपल्याकडच्या कायदेशीर मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त होती. डोळे रस्त्यावर असतात, पण मन समोरच्या माणसाच्या बागेत गेलेलं असतं आणि डोळ्यांना दिसलेलं आत पोचत नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटर पुढं जाते. दोन सेकंद मन बाहेर असलं तर तेहतीस मीटर रस्ता कुणीही न बघता मागं पडतो.

"मग शेजारी बसलेल्याशी बोलायचंच नाही का?" प्रमोदनं विचारलं. चांगला प्रश्न होता. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर बैलगाडी आली की तो आपसूक गप्प होतो, कधी "अहो, बघा" म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, तो बोलत राहतो.

प्रमोदनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या भेटीला येताना वाटेत तीन फोन घेऊन आला. यात नवल नाही. माहितीनं माणूस बदलत असता तर सिगारेटचं पाकीट वाचूनच सगळ्यांनी सोडली असती. कुठलीही सवय ही एकट्या माणसाची नसते, ती त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या मधे राहते, असं मी मानते आणि तसंच काम करते. म्हणून मी फोनचा विषय बाजूला ठेवला आणि प्रमोदला म्हटलं, "ती संध्याकाळ सावकाश सांगा. प्लॉटवरून निघालात तिथून."

तो सांगत गेला. अंधार पडत आलेला, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे, काच जरा धुळीनं भरलेली.

"ट्रॉली कधी दिसली?"

"ट्रॉली नाही दिसली," तो म्हणाला. "आधी बाई दिसली."

सुजातानं चमकून बघितलं. "कोण बाई?"

"ट्रॉलीच्या मागनं चालली होती. ऊसतोडणीतली असंल. डोक्यावर उसाच्या वाढ्याची मोळी. पहिल्यांदा मोळीच दिसली, हिरवी. मग खाली पाय दिसले." त्यानं टेबलावर दोन बोटं टेकवली, एवढ्या अंतरावर, असं दाखवत. "ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन थांबली. तिनं वळून बघितलं, मोळी सावरली आणि चालायला लागली. शिवीपण दिली नाही तिनं."

महिनाभर घरात ट्रॉलीची गोष्ट सांगितली जात होती. या बाईबद्दल तो पहिल्यांदाच बोलला.

मी विचारलं, "तेव्हा फोनवर कोण होतं?"

"असंल कुणीतरी शेतकरी."

तो सुजाताकडं बघायचं टाळत होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं जीभ आवरणं हे निम्मं काम असतं आणि ते मला आता जमतं. थोड्या वेळानं सुजाताच हळू आवाजात म्हणाली, "अहो, सात वाजायच्या आधी मी फोन केला होता त्या दिवशी. तुम्ही बोलता बोलता 'ठेव, ठेव' म्हणालात. ती मीच होते का?"

"तू काय मुद्दाम केलास?" प्रमोद म्हणाला.

महिनाभर ती त्याला बोलत होती आणि त्यानं ते खालमानेनं ऐकून घेतलं होतं. 'तुझाच फोन होता' एवढं एक वाक्य बोलला असता तर भांडण संपलं असतं. पण तिच्या जिवाला लागेल म्हणून बोलला नाही. अशी माया मी नवरा-बायकोंत फार वेळा बघते आणि मला तिचा आदर आहे. पण त्या मायेपोटीच धोका जिथल्या तिथं राहिला होता. तिला वाटत होतं, शेतकरी फोन करतात. तो जाणून होता की गाडीत सगळ्यात जास्त फोन घरून येतात. मग त्यानं मोबाइल काढून तिच्या हातात दिला. परतीच्या वेळचे कॉल तिनंच वाचले. कुठं पोचलात, किती वेळ लागंल, दूध आणताय का, फोनवर बोलत नाही ना.

ती रडायला लागली. "म्हणजे मीच..."

"नाही," मी मधेच थांबवलं. हे मी प्रत्येक घरात स्वच्छ सांगते. गाडी चालवताना फोन उचलला याची जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची. बायकोचा फोन होता म्हणून ती आठ आण्यांनीही कमी होत नाही. मात्र फोन करणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो आणि तोही मांडावा लागतो. प्रमोद गाडीत आहे हे माहीत असताना तिनं नंबर लावला होता. त्या मोळीवाल्या बाईनं दोघांपैकी कुणालाही आपला जीव पणाला लावायची परवानगी दिली नव्हती.

"पण मॅडम, फोन उचलला नाही की माझा जीव टांगणीला लागतो," सुजाता म्हणाली.

गाठ इथं होती. काळजी वाटली की ती फोन करायची, आवाज ऐकला की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा काळजी. खाज सुटल्यावर खाजवलं की घटकाभर बरं वाटतं आणि नंतर दुप्पट खाजतं, तसलाच प्रकार. काळजी खरी होती, मायेची होती. पण त्यानं फोन उचलून ती भागवायची ठरवली की तीच काळजी गाडीत रिंग होऊन वाजते. तिला म्हटलं, "ते गाडीत असतात ती चाळीस मिनिटं काळजी वाटू दे. वाटून तिला जाऊ दे. त्यानं काही होत नाही."

प्रमोदला वेगळं काम दिलं. आठवडाभर गाडीत आलेल्या प्रत्येक फोनपुढं लिहायचं, हा चाळीस मिनिटं थांबला असता का? तो वहीची पानं भरून आला. फवारणी बहुतेकांची सकाळची, म्हणजे संध्याकाळी साडेसातला बोलणं झालं तरी चालण्यासारखं. एकाच फोनला त्यानं फुली मारली होती: टाकीत औषध कालवून ठेवलेला शेतकरी, दुसरं त्यात मिसळू का म्हणून विचारत होता. "तो थांबला नसता," प्रमोद म्हणाला. बरोबर. तो फोन नाही उचलला तर तो पुन्हा करेल, तेव्हा पेट्रोलपंपावर गाडी लावून बोला.

त्यानंतर फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊ लागला. गाडी चालवतोय, साडेसातला फोन करतो, असा आपोआप जाणारा निरोप त्यानं लावून घेतला आणि दुकानात पाटी लिहिली. मधे एकदा घसरला, पुन्हा सावरला. गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती. उलट साडेसातनंतर निवांत सल्ला मिळतो म्हणून लोक तेव्हाच फोन करू लागले. सुजातानं निघताना एक आणि पोचल्यावर एक एवढंच ठरवलं. पहिला आठवडा तिला फार जड गेला. तिनं तो काढला, याचं मला प्रमोदच्या बदलाइतकंच कौतुक आहे.

आता ज्यांच्या घरात फोनऐवजी बाटली आहे त्यांच्यासाठी. तिथं बोलायची वेळ निघतानाची नसते. दारू पहिल्यांदा नेमकी तीच बुद्धी काढून घेते जिनं 'मला चढली आहे' हे कळायचं, म्हणून "चालवता येईल ना?" हा प्रश्न पार्किंगमध्ये विचारून उपयोग नाही. जाण्याआधी ठरवा, परत कोण चालवणार, किल्ली कुणाकडं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याचा हबका यांनी माणूस जागा झाल्यासारखा वाटतो. रक्तातली दारू यकृत आपल्याच संथ गतीनं काढतं आणि त्याला घाई करता येत नाही. रात्री बाराला मनसोक्त प्यायलेला माणूस पहाटे खंबाटकी घाटात गाडी घालतो तेव्हाही ती अंगात असू शकते. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त सापडली तर कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं १८८ वं कलम मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगतं. "जा रे, काही होत नाही" म्हणून गाडीत बसवणाऱ्या मित्रांनी हे वाचावं. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि रात्रभराचं जागरण यांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांचा वास येत नाही.

शपथा घालू नका. शपथ मोडली की अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलेला माणूस लपवायला शिकतो. चालत्या गाडीत भांडू नका, तेही लक्ष उडवणंच आहे. स्वतः फोन लावलात तर पहिलं वाक्य 'गाडीवर आहेस का?' असू दे आणि हो म्हणाला की लगेच ठेवा, मग कितीही महत्त्वाचं असो.

आणि नवरा इथं यायलाच तयार नाही, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं: तुम्ही एकट्या या. एक जण बदलला की घरातलं दुसरं माणूस जुन्या जागेवर उभं राहू शकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहेच. तो प्यायलेला असेल किंवा फोन खाली ठेवत नसेल तर त्या गाडीत पोरांना घेऊन बसू नका. घरी शांत असताना आधी सांगून ठेवा, "असं झालं तर मी उतरणार." आणि तशी वेळ आलीच तर न चिडता, न रडता उतरा. एसटी मिळते, रिक्षा मिळते, नाहीतर भावाला फोन करून बोलवा. तो गाडी चालवत नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.