ओळखीच्याने बुडवलं, आता परक्यांवर भरवसा कसा ठेवू?

प्रश्न : ताई, माझ्या थोरल्या बहिणीने एका ओळखीच्या गृहस्थांकडे पैसे गुंतवले होते. माणूस सज्जन, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारा. दीड वर्ष व्याज वेळेवर आलं, मग एक दिवस फोनच बंद. मुद्दलही गेलं. या गोष्टीला चार वर्षं झाली, पण तेव्हापासून माझा कोणावरच विश्वास उरलेला नाही. पगार खात्यात पडून राहतो. फंड, शेअर, विमा, कशाचंही नाव निघालं की मनात येतं, ओळखीचा असं वागला तर न पाहिलेली माणसं काय करतील? नवरा म्हणतो, तू अति करतेस. खरंच अति करतेय का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बहिणीला बुडवलं ओळखीच्या माणसाने आणि शिक्षा तुम्ही देताय अनोळखी माणसांना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते मी समजू शकते. तुम्ही मात्र ताकाकडे बघायचंच सोडलंय.

मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली 11 कॅशच्या खिडकीत. एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला पेन्शन काढायला यायचे. मी बंडल पुढे सरकवलं की ते रबर काढायचे, बोट ओल्या स्पंजवर टेकवायचे आणि तिथेच उभे राहून एकेक नोट मोजायचे. मागची रांग चुळबुळायची. मलाही सुरुवातीला राग यायचा. इतकी ओळख, रोजचं हसणं-बोलणं, आणि तरी मोजता? एकदा बंडलात खरोखर एक नोट कमी निघाली. त्यांनी ती माझ्यासमोरच मोजून दाखवली, मी तिथल्या तिथे दुसरी दिली, विषय संपला. तेच गुरुजी बाहेर जाऊन अर्ध्या तासाने परत आले असते, तर माझा त्यांच्यावर कितीही विश्वास असता तरी मला ती नोट देता आली नसती. ते मोजायचे म्हणून आमची ओळख शेवटपर्यंत चांगली राहिली, असं मला आज वाटतं.

आता परक्या माणसांबद्दल. 1995 मध्ये जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केविन मॅकेब या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन खोल्या, एका खोलीतल्यांना दुसरीतले दिसत नाहीत, नावही कळत नाही. पहिल्या खोलीतल्या प्रत्येकाला 10 डॉलर दिले. त्यातले हवे तेवढे त्याने पलीकडे पाठवायचे. वाटेत त्यांचे तिप्पट होतात. पलीकडच्याने त्यातले हवे तेवढे परत करायचे, किंवा काहीच नाही करायचं. विचारणारं कोणी नाही. 32 पैकी 30 जणांनी काही ना काही पाठवलं, सरासरी 5.16 डॉलर. परत आले सरासरी 4.66.

हे दोन आकडे मला फार बोलके वाटतात. पलीकडचा माणूस सगळं खिशात घालू शकत होता. काहींनी घातलंही, पण सगळ्यांनी नाही. तुमच्या मनात परक्यांचं जे चित्र आहे तेवढी माणसं वाईट नाहीत. पण नीट पाहा, परत आलेली रक्कम पाठवलेल्यापेक्षा थोडी कमीच आहे. वाटेत पैसे तिप्पट होऊनही! म्हणजे कसलाही कागद, कसलीही देखरेख नसताना नुसत्या माणुसकीवर पैसे टाकले, तर हाती मुद्दलाच्या जरा आतबाहेरच लागतं.

2019 मध्ये आणखी एक मोठं काम प्रसिद्ध झालं. 40 देशांत, 355 शहरांत 17,000हून अधिक पाकिटं 'सापडली' म्हणून हॉटेलं, बँका, टपाल कार्यालयं अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली गेली. पैसे नसलेली पाकिटं परत करायला सुमारे 40 टक्के लोकांनी मालकाशी संपर्क साधला; थोडे पैसे असलेल्या पाकिटांच्या बाबतीत 51 टक्क्यांनी. पैसे असले की लोक जास्त प्रामाणिक वागले. आधी अंदाज विचारला तेव्हा सामान्य लोकांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.

मग तुम्हाला एवढी भीती का वाटते? आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहॉझर या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की, पैसे जाण्याची शक्यता सारखीच असली तरी नशिबावर डाव लावायला माणूस जितका तयार होतो, तितका दुसऱ्या माणसावर लावायला होत नाही. नशिबाने पैसे गेले तर पैसेच जातात. माणसाने दगा दिला तर आपण फसलो ही बोच वर्षानुवर्षं राहते. तुमच्या घरात ती बोच अजून ताजी आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पैशाचे निर्णय तिच्या हातात देऊ नका. पडून राहिलेला पगार महागाई दरवर्षी थोडा थोडा खाते; तिचा फोन बंद होत नाही, म्हणून ते जाणवत नाही एवढंच.

मीही यातून गेले आहे. एका सहकाऱ्याच्या शब्दावर मी एका गृहस्थांकडे रक्कम ठेवली. बदल्यात मिळाला एक जाड कागद, सोनेरी किनारीचा, खाली झोकदार सही. तारीख नव्हती. दिवसभर लोकांच्या चेकवरची तारीख तपासणारी मी, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, कारण विचारणं वाईट दिसलं असतं. व्याज दर 1 तारखेला यायचं, म्हणून सहाव्या महिन्यात मी आणखी पैसे घातले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

वेळेवर येणारं व्याज हाच खरा गळ असतो. 1920 मध्ये बॉस्टनला चार्ल्स पॉन्झी 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणाला आणि पहिल्यांना दिलाही, नंतर येणाऱ्यांच्या पैशातून. ज्यांना मिळाला तेच नातेवाइकांना घेऊन आले. अमेरिकेत हाच खेळ करणारा बर्नार्ड मॅडॉफ डिसेंबर 2008 मध्ये पकडला गेला तोवर अनेक वर्षं लोक ओळखीपाळखीतून, क्लबांतून, स्वतः होऊन त्याच्याकडे जात होते. त्याच्या व्यवहारात एक गोष्ट उघड्यावर होती. गुंतवणूक त्याची, पैसे सांभाळणारी कंपनी त्याचीच आणि ग्राहकांना जाणारी विवरणपत्रंही त्याच्याच ऑफिसात तयार व्हायची. तपासनीस म्हणून एक अगदी छोटी, अनोळखी फर्म. हॅरी मार्कोपोलस या विश्लेषकाने 2000 सालापासून नियामकांना, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, इशारे दिले, कोणी मनावर घेतले नाहीत.

तेव्हा 'हा माणूस चांगला आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याचं उत्तर चेहऱ्यावरून मिळत नाही. पैसे गुंतवणारा एक आणि ते ताब्यात ठेवणारा दुसरा आहे का, हे विचारा. हिशोबाचा कागद तिसऱ्याच कोणाकडून येतो का? नियामकाच्या स्वतःच्या यादीत नाव आहे का (त्यांनी दाखवलेल्या प्रमाणपत्रावर नव्हे)? न पाहिलेल्या माणसांनी चालवलेल्या नोंदणीकृत फंडात याची उत्तरं मिळतात. तुमच्या बहिणीच्या सज्जन गृहस्थांकडे यातल्या एकाचंही नव्हतं.

नवऱ्याशी वाद घालत बसू नका. गेली तर झोप उडणार नाही एवढीच रक्कम एका ठिकाणी घाला, आणि दोन महिन्यांनी त्यातले थोडे काढून बघा. कोणाला फोन करावा लागतो, किती दिवस लागतात, 'आत्ता काढू नका' असं कोण म्हणतं, ते वहीत लिहून ठेवा. मगच पुढची रक्कम. आणि त्या गृहस्थांनी बहिणीला काही कागद दिला असेल तर तो तिला फाडू देऊ नका. पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जायची वेळ आली तर तोच लागेल. माझा मी रागाच्या भरात फाडला होता.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा ऑनलाइन घेतोय. विकणारा म्हणतो, सगळे पैसे आधी पाठवा. त्याच्या नावावर शेकडो चांगले अभिप्राय आहेत. पाठवू का?

उत्तर : थेट त्याच्या खात्यात पाठवू नका. अभिप्रायांची सोय उपयोगी आहे, ईबेने 1996 मध्ये ती सुरू केली तीच मुळी परक्यांनी परक्यांशी व्यवहार करावा म्हणून. पण आधी ते अभिप्राय उघडून वाचा. शंभर जणांनी किरकोळ वस्तूंबद्दल समाधान कळवलं असेल, तर कॅमेऱ्याएवढ्या रकमेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. वस्तू हातात पडेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे राहतील अशी सोय त्या संकेतस्थळावर असेल तर ती वापरा. विकणारा तिला नको म्हणत असेल तर दुसरा कॅमेरा शोधा.