पाळणाघरात काम करायचं तर बोलणं किती लागतं?

तुम्ही विचारलंय की लग्न होऊन गडहिंग्लजहून बेळगावात आलात, एका पाळणाघरात काम मिळतंय, लहान मुलांचं करायची सवय आहे, पण स्वभाव अबोल आणि कन्नड येत नाही, तर निभावेल का?

निभावेल. गप्पा मारता आल्या नाहीत तरी काही अडत नाही. वेळेवर विचारणं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगणं मात्र जमवावंच लागेल. मी वडगावात बरीच वर्षं पाळणाघर चालवते. माग चालवणाऱ्यांची मुलं येतात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची येतात. दीड वर्षाच्या बाळाला रात्री घरी काय झालं ते आपल्याला सांगता येत नाही आणि दिवसभर इथं काय झालं ते आईला सांगता येत नाही. दोन्हीकडचं आपणच सांगायचं असतं.

आधी औषधाचं सांगते, कारण खरा धोका तिथं आहे. आई घाईत म्हणते, "अक्का, अंग गरम वाटलं तर तापाचं एक चमचा द्या वो." एवढ्यावर औषध द्यायचं नाही. सकाळी घरी दिलंय का, किती वाजता, हे आधी विचारायचं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार तास जावे लागतात. मग बाटली बघायची. त्याच औषधाच्या एका सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात 250, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत 1 मिलीतच 100. म्हणजे बाटली बदलली की त्याच चमच्यात औषध दुप्पट. डोस मुलाच्या वजनावर ठरतो आणि मोजायचा तो बाटलीबरोबरच्या मापानं. आमच्याकडं डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बाटली आणि शेवटचा डोस कधी दिला ती वेळ, हे तिन्ही वहीत लिहिल्याशिवाय औषध दिलं जात नाही. एका मुलाच्या आईला मी हेच विचारलं, तिनं दारातूनच घरी फोन लावला, तेव्हा कळलं की आजीनं पहाटे औषध दिलं होतं. आईला त्याचा पत्ताच नव्हता.

तापात पूर्वी कधी झटका आलाय का, हेही पहिल्याच दिवशी विचारा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना असा झटका येतो. लोक काय म्हणतील म्हणून घरचे लपवतात. सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा, मग सांगतात.

संध्याकाळी मूल हाती देताना आई विचारते, "आज जेवला काय वो?" 'हो, जेवला' म्हणून सोडू नका. अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली, दुपारी झोपला नाही, शी पातळ झाली, असं सांगा. रात्री मूल किरकिरलं तर का, हे तिला त्यावरून समजतं. आणि वाईट गोष्ट असेल तर ती सगळ्यात आधी. दीड-दोन वर्षांची मुलं एकमेकांना चावतात, ते वयच तसं असतं. पण घरी आंघोळ घालताना आईला दातांचे वण दिसले आणि आपण बोललोच नव्हतो, तर पुढं आपल्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास बसणार नाही. कुठं चावलं, आपण काय केलं, ते सांगायचं. कोण चावलं त्याचं नाव सांगायचं नाही. डोक्याला लागलं असेल तर संध्याकाळची वाटच बघू नका, लगेच फोन करा. नंतरही उलटी होतेय का, मूल नेहमीपेक्षा सुस्त वाटतंय का, हे घरच्यांना बघायला सांगा.

मूल हट्टी आहे, घरचे लाडावतात, असली मतं दारात कधीच नकोत. जे पाहिलं तेवढंच बोलावं.

कन्नडची भीती बाळगू नका. इथं एकाच खोलीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं असतात. नीरू म्हणजे पाणी, हालू म्हणजे दूध, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको, होट्टे नोवु म्हणजे पोट दुखतंय. एवढं आधी पाठ करा, बाकी मुलंच शिकवतील. दाखल करून घेताना प्रत्येक आईला विचारा की बाळ पाण्याला, शूला, झोपेला काय म्हणतं, आणि ते वहीत लिहा. दोन भाषांमुळं मूल उशिरा बोलतं असं पुष्कळ जण समजतात, ते खरं नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे. दोन वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर कान तपासून घ्यायला सांगा, आणि हे एकांतात सांगा.

मुलाशी बोलताना खाली बसा. पाठीमागून येऊन उचलू नका. नाव घ्या, काय करणार ते सांगा, मग हात लावा. बोलता न येणाऱ्या बाळालाही हे समजतं आणि लंगोट बदलताना ते कमी रडतं.

एखाद्या मुलाच्या बोलण्यातून कुणी नको तिथं हात लावल्याचं कळलं, तर उलटतपासणी करू नका. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं हे कळवणं बंधनकारक आहे. मालकीण 'राहू दे' म्हणाली तरीही.

रुजू होण्याआधी तिथं जाऊन एवढं बघा: औषधाची वही आहे का, प्रत्येक मुलामागं दोन फोन नंबर लिहिलेत का, मूल घरी न्यायला कोण येणार त्यांची नावं आहेत का, आणि दुपारी पाळी बदलताना बायका एकमेकींना मुलांचं सांगतात का. वही नसेल तर पहिल्या दिवशी स्वतःच एक शंभरपानी घेऊन जा.